जुलैत जपायची वेल

टांगत्या कुंडीतल्या फिलोडेंड्रॉनला मुंबईच्या उपनगरांत सगळ्यात जास्त धोका कधी असतो, असं विचारलं तर बहुतेक जण मे महिना सांगतील. ऊन, उकाडा, पाणीकपात आणि घराला कुलूप लावून गावाला गेलेली माणसं, अशी कारणंही लगेच देतील. माझं उत्तर जुलै आहे. मेमध्ये ही वेल मरगळते, पानं मान टाकतात, पण तांब्याभर पाणी मिळालं की संध्याकाळपर्यंत सावरते. जुलैत ती कुजते, आणि कुजलेलं मूळ पुन्हा जिवंत करणारं औषध कुठल्याही नर्सरीत मिळत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या घरांत ज्या वेली गेलेल्या मी पाहिल्या, त्यांतल्या फार थोड्या पाण्यावाचून गेल्या. बाकीच्या पाण्यानेच गेल्या. हे पुस्तक लिहायला घेतलं ते मुख्यतः त्यासाठी.

जुलैत नेमकं काय होतं ते आधी सांगते. आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेलं असतं. समोरच्या इमारतीमुळे आधीच बेताचा असलेला उजेड आणखी उतरतो. पान उजेडावर अन्न तयार करतं आणि ते काम चालू असताना मुळांकडून पाणी ओढतं. उजेड कमी झाला की ही ओढही मंदावते. हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असल्याने मातीतलं पाणी वरूनही फारसं उडून जात नाही. एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांत सुकणारी कुंडी आता दहा-दहा दिवस ओली राहते. आपला हात मात्र एप्रिलचाच असतो. देवपूजा झाली की कलशातलं उरलेलं पाणी वेलीला, हा शिरस्ता पुष्कळ घरांत बारा महिने चालतो आणि तो प्रेमानेच चालतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि ओल्या मातीतल्या बुरशीला मोकळं रान मिळतं. खालचं एक पान पिवळं पडतं, दोन दिवसांनी दुसरं. घरातलं कुणीतरी म्हणतं, बिचारी तहानलेली दिसते, आणि आणखी पाणी घालतं. मातीलगतचं खोड बोटाने दाबल्यावर मऊ लागलं आणि कुंडीला कुबट वास येऊ लागला, की खालचं सगळं संपलं असं समजायचं. मग वरचा निरोगी भाग कापून पाण्यात ठेवणं, एवढंच हाती उरतं.

आपल्याकडे वाचली जाणारी घरातल्या झाडांची बरीचशी पुस्तकं थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली आहेत. हिवाळ्यात पाणी कमी करा, पानांवर रोज फवारा मारा, गार खिडकीपासून कुंडी दूर ठेवा, हे सल्ले तिथे बरोबरच आहेत. तिथे हिवाळ्यात उजेड कमी होतो आणि घर गरम ठेवणाऱ्या यंत्रांनी हवा कोरडी पडते. आपल्याकडे उजेड कमी होतो तो पावसाळ्यात, आणि तेव्हा हवा इतकी ओली असते की धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत. थंडीचं म्हणाल तर सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तो २२ जानेवारी १९६२ चा. राष्ट्रीय उद्यानालगतच्या बोरिवली-मुलुंडमध्ये जानेवारीची पहाट थोडी जास्त बोचते हे खरं, पण १८ ते ३० अंशांत रमणाऱ्या या वेलीला तेवढ्याने काही होत नाही. म्हणून या पुस्तकातलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. प्रकरणांचा क्रमही तसाच लावला आहे.

आता ही वेल कोण, कुठली ते पाहू. फिलोडेंड्रॉन हेडेरेसियम हे तिचं आजचं शास्त्रीय नाव. मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलपर्यंतची दमट जंगलं हे तिचं माहेर. व्हिएन्नाचा निकोलाउस जॅक्विन कॅरिबियन बेटांवर वनस्पती गोळा करत फिरला होता. त्याने १७६० मध्ये तिची नोंद केली, पण एरम या दुसऱ्याच प्रजातीखाली. तिथून तिला उचलून फिलोडेंड्रॉन या प्रजातीत आणलं ते हाइनरिश शॉटने, १८२९ मध्ये. ही प्रजाती मोडते सुरण कुलात, आणि इथे ती आपल्या घरातलीच निघते. सुरण, अळू, शोभेची कॅलेडियम, देवळात आणि लग्नमंडपात सजावटीला येणारं अँथुरियम, सगळी एकाच कुळातली. आपल्या सह्याद्रीतही या कुळातल्या झाडांवर चढणाऱ्या वेली आहेत. गणेशकंद ही त्यांतली ठळक.

उपनगरांत या कुळाची सगळ्यात चांगली ओळख होते ती भाजीबाजारात. मृगाच्या सरी पडल्या की रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. शेवळं म्हणजे सुरणाच्या रानटी भावंडाचे फुलोरे. मधे एक दांडा आणि त्याला गुंडाळून बसलेलं जांभळट तपकिरी आवरण. फिलोडेंड्रॉनचा फुलोराही याच घडणीचा असतो, फक्त घरातल्या कुंडीत तो सहसा येत नाही. जुडीशेजारी काकडांचा ढीग हवाच. ही हिरवी आंबट फळं घातल्याशिवाय शेवळांची भाजी कुणी जाणती बाई करणार नाही, कारण शेवळं खाजतात. अळूला चिंच, सुरणाला आमसूल, शेवळांना काकडं, हे शहाणपण आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. या खाजेमागे असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि ते फिलोडेंड्रॉनच्या पानात आणि खोडातही असतात. इथे चिंच-आमसूल काही कामाचं नाही. ही वेल खायची नाही, एवढंच. रांगत्या मुलाने किंवा मांजराने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येते. म्हणून लोंबणारा शेंडा त्यांच्या हाताला, तोंडाला लागणार नाही इतका उंच ठेवावा, आणि छाटणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत. डोळे चोळण्याआधी तर नक्कीच.

मनी प्लांट म्हणून घरी आणलेली वेल पुष्कळदा फिलोडेंड्रॉन असते, आणि उलटही होतं. दोघांचं कुळ एकच असलं तरी मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटाचा. ओळखायला सोपी खूण नव्या पानात असते. मनी प्लांटचं कोवळं पान आधीच्या पानाच्या देठालगतच्या खाचेतून उलगडतं. फिलोडेंड्रॉनचं तसं नाही. शेंड्याशी आधी एक फिकट, टोकदार पापुद्रा दिसतो. त्याच्या आत पान सुरळी होऊन बसलेलं असतं. दोन-तीन दिवसांत पापुद्रा बाजूला सरतो आणि पान उलगडतं, तेव्हा ते तांबूस, जवळजवळ पारदर्शक असतं, शिरा न्‌ शिरा मोजता येते. मग आठवड्याभरात ते हिरवं आणि चकचकीत होतं. पापुद्रा सुकून कागदासारखा होतो आणि गळून पडतो. नव्या माणसाला तो रोग वाटतो. रोग नाही, तो राहू द्यावा. देठावर बोट फिरवलं तर मनी प्लांटच्या देठाला पन्हळ लागते, फिलोडेंड्रॉनचा देठ गोलसर लागतो. एवढ्या दोन खुणा पुरेत.

नर्सरीत मात्र फिलोडेंड्रॉन म्हणून मागाल तर भलतंच मोठ्या पानांचं झाड पुढे येण्याची शक्यता जास्त. तिथे या वेलीला ऑक्सिकार्डियम म्हणतात, साधी हिरवी ती ऑक्सिकार्डियम ग्रीन आणि पोपटी-पिवळी ती गोल्डन. पानाच्या मधोमध पिवळट पट्टा असलेली ब्रासिल आणि मखमली, तपकिरी झाक असलेली मायकन्स याही याच वेलीच्या बहिणी. पहिल्यांदा घेणाऱ्याने साधी हिरवीच घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन. कमी उजेडात ती टिकते; ब्रासिलचे पिवळे पट्टे अंधाऱ्या खोलीत हळूहळू हिरवे पडतात आणि मग घेणारा नाराज होतो.

आपल्याकडे येणारी रोपं बऱ्याचदा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून किंवा पुण्याच्या उरुळी कांचन, सोरतापवाडी पट्ट्यातून ट्रकने येतात. तिथे ती उघड्यावर, शेडनेटच्या सावलीत, भरपूर वारा लागत वाढलेली असतात. काळ्या पिशवीतली चिकट लाल माती प्रवासात ओल धरून ठेवते, म्हणून नर्सरीवाल्याच्या सोयीची. तीच माती आपल्या हॉलमध्ये आली की घातक ठरते, कारण इथे तो वारा नाही आणि तो उजेड नाही. रोप आणल्यावर आठ-दहा दिवस ते घराला रुळू द्यावं आणि मग माती बदलावी. पावसाळ्याच्या तोंडावर आणलं असेल तर हे काम टाळू नये. लाल माती तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. बाकी कोकोपीट, थोडं गांडूळखत आणि पाणी झरझर खाली जावं म्हणून परलाइट, किंवा विटेचे बारीक तुकडे आणि लाकडी कोळसा. मुठीत दाबलेली माती हात उघडल्यावर सुटली पाहिजे. कुंडीला खाली भोक हवंच. वरून देखण्या सिरॅमिकच्या भांड्यात कुंडी ठेवायची हौस असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ते भांडं रिकामं करावं.

पाणी कधी घालायचं, याचं उत्तर वार ठरवून देता येत नाही. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तर घालावं. टांगती कुंडी उंचावर असल्याने बोट घालणं जड जातं; तिथे कुंडी खालून तळहातावर तोलून पाहावी. भरपूर पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि सुकल्यावर किती हलकी, हे दोन-तीनदा अनुभवलं की हात आपोआप सांगतो. महापालिकेचं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी क्षार कमी असलेलं, त्यामुळे वेलीला मानवतं. टँकर किंवा बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत मातीवर पांढरा थर दिसू लागला तर अधूनमधून पावसाचं पाणी धरून कुंडी त्याने धुऊन काढावी. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची काटकसर मात्र या वेलीच्या बाबतीत करू नये. त्यात गाळून काढलेले सगळे क्षार असतात.

जागेबद्दल. एक खोली-स्वयंपाकघर असो की दोन बेडरूम, उपनगरातल्या घरात जमिनीवर जागा नसते आणि भिंतीवर असते. तुळशीला ऊन लागतं, ते चौथ्या मजल्याखाली अनेकांच्या खिडकीत उतरतच नाही. ही वेल उन्हाशिवाय जगते आणि उभी जागा वापरते, म्हणून ती या घरांना इतकी साजते. पण उन्हाशिवाय म्हणजे उजेडाशिवाय नव्हे. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड कुंडीपाशी हवा. खिडकीपासून दोन-तीन हातांवरची जागा बहुधा उत्तम. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून साधारण ४७ अंशांवरच असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आत येतं. जूनमध्ये सावलीत असलेली कुंडी जागची न हलता डिसेंबरात उन्हात येते, पानांवर तपकिरी चट्टे पडतात आणि घरातले कीड शोधत बसतात. त्याहून मोठं नुकसान दिवाळीच्या साफसफाईत होतं. रंगकाम काढलं की सगळ्या कुंड्या गच्चीवर किंवा बाल्कनीत जातात, आणि ऑक्टोबरचं ऊन पावसाळाभर घरात राहिलेल्या पानांना एका दिवसात भाजून काढतं.

धुळीचा प्रश्न आता कुठल्या एका भागाचा उरलेला नाही. गल्लीत एक इमारत पाडली जाते, दुसरी उभी राहते, रस्ता खणलेला असतोच. चकचकीत पानावर सिमेंटची भुकटी बसली की आधीच थोडा असलेला उजेडही पानात पोचत नाही. आठवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पानं पुसावीत, खालून तळव्याचा आधार देऊन. पिठ्या ढेकूण आणि खवलेकीड लवकर नजरेस पडतात ती याच वेळी. खताबद्दल मी पुढेही फार लिहिलेलं नाही, कारण महिन्यातून मूठभर गांडूळखत आणि तेही पावसाळा सोडून, याहून जास्त या वेलीला लागत नाही.

कोकणातल्या माणसांना वर्षातून दोनदा घर सोडावं लागतं, मेमध्ये आणि गणपतीत. दोन्ही वेळा निघण्याआधी कुंडी काठोकाठ भरण्याची रीत आहे. मेमध्ये ते योग्यच. कुंडी खिडकीपासून आत घ्यावी, पाणी भरपूर द्यावं, दोन आठवडे वेल तग धरते. गणपतीत हेच केलं तर खिडक्या बंद, हवा कोंडलेली, माती चिंब, आणि परतल्यावर समोर येते ती कुजकी वेल. गणपतीला निघताना पाणी घालूच नये. दहा-बारा दिवस तिला काही कमी पडत नाही.

पाण्यातल्या बाटलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. वेलीचं कांडं बाटलीत लावून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवणं ही मोठी सुंदर सवय आहे, पण तिला डेंग्यूची बाजू आहे. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्याच्या आगेमागे घरोघर येतात तेव्हा कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या आणि बांबूच्या बाटल्या, फ्रिजमागचा ट्रे यांतच आधी टॉर्च मारतात. एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. दर आठवड्याला बाटली रिकामी करून आतून ब्रशने घासावी आणि मग ताजं पाणी भरावं. ज्यांच्याकडून हे नेमाने होणार नाही, त्यांनी वेल मातीतच लावावी आणि ताटली ठेवूच नये. घरातल्या एका माणसाच्या तापापुढे वेलीची शोभा काहीच नाही.

हवा शुद्ध करण्यासाठी म्हणून ही वेल कुणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती ख्याती आली नासासाठी बिल वॉल्व्हर्टन यांनी केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून. प्रयोग चांगलाच होता, पण तो बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांची आकडेमोड पुन्हा केली. उघड्या खिडक्यांतून येणारी-जाणारी हवा जेवढं काम करते, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यांना दिसलं. साकीनाक्याच्या रहदारीचा धूर एका टांगत्या कुंडीने कमी होत नाही. वेल आणावी ती रोज डोळ्यांसमोर काहीतरी वाढतं आहे, याच्या आनंदासाठी. तो आनंद पुरेसा मोठा आहे, त्याला दुसऱ्या जाहिरातीची गरज नाही.

राहिला तिचा स्वभाव. खाली लोंबणं ही आपण तिला लावलेली सवय आहे. रानात ती झाडावर चढते. चढताना पान मोठं होत जातं, लोंबताना लहान राहतं आणि पेरांमधलं अंतर वाढतं. दोन-तीन वर्षांनी कुंडीचा वरचा भाग उघडाबोडका आणि पानं फक्त शेंड्याला, अशी अवस्था येते ती यामुळे. कात्री लावायला घाबरू नये. पानाशेजारी जिथे तपकिरी मुळाचा कोंब दिसतो, त्या पेराच्या खाली बोटभर अंतरावर कापावं, छाटकलमं पाण्यात ठेवावीत, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरली की त्याच कुंडीत वर रिकाम्या जागी खोचावीत. कुंडी भरते आणि कापलेल्या ठिकाणीही नवा फुटवा येतो. यासाठी मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. उरलेली कलमं शेजारी द्यावीत. सोसायटीत एकाच्या घरातली वेल अशीच दहा घरांत पोचते, आणि ज्याची मेली त्याला पुन्हा तिचंच कलम मिळतं.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं महिन्यांच्या क्रमाने येईल, चित्रांसह. तुम्ही हे पावसाळ्यात वाचत असाल तर एक काम आजच करा. खुर्चीवर चढा, कुंडी तळहातावर तोलून पाहा, जड लागली तर या आठवड्यात तिला पाणी घालू नका. घरातल्या बाकीच्यांनाही तसं सांगून ठेवा.